टीव्हीच्या पाठीवरचा ओला नॅपकिन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अमावस्येला केस धुते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच सॉरी म्हणते. तेव्हा 'ताई, शांती करून घ्या' छापाच्या कमेंट्स कृपया टाकू नका... करणार नाहीये.

आम्ही पुण्याच्या टोकाला, मांजरी गावात राहतो, नवव्या मजल्यावर. बाल्कनीतून एका बाजूला ऊस दिसतो, दुसऱ्या बाजूला आमच्यासारखेच तीन नवे टॉवर. नवरा हिंजवडीहून आठच्या आत कधी येत नाही. मी घरूनच काम करते, त्यामुळे संध्याकाळी घरात मी आणि माझी पाच वर्षांची ईरा, दोघीच.

आता थोडं मागचं. माझं लहानपण नारायण पेठेत, दोन खोल्यांत गेलं. बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क. सगळ्या शेजारपाजारात त्यांच्या शिस्तीचं कोण कौतुक. ते घरी नसताना टीव्ही लावायला बंदी होती. पावणेसातला खाली स्कूटर स्टँडवर चढवल्याचा 'खट्ट' आवाज यायचा, मग जिन्यात बूट वाजायचे. आत आले की बूट न काढता आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. गरम लागला की पट्टा. आई तेव्हा ओट्याकडे तोंड करून कणीक मळत असायची.

मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन, आम्हीही तयार झालो होतो. सव्वासहाला टीव्ही बंद करायचा, नॅपकिन ओला करून घट्ट पिळायचा, टीव्हीच्या पाठीवर पसरायचा आणि नितीनने वहीने वारा घालायचा. ओलं फडकं, तेही टीव्हीवर... शॉक लागून मेलो असतो. पण आम्हाला शॉकची भीती नव्हतीच.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, लाज वाटायची. आज ऑफिसची टीम सांभाळते, पण पावणेसात वाजले की अजून नजर दाराकडे जाते. लॅपटॉप तापलेला लागला तरी हात झटकन मागे येतो. आणि बाबांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांचा फोटोसुद्धा मी घरात लावलेला नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट, मंगळवार होता. मी आतल्या खोलीत कॉलवर होते. हॉलमधलं कार्टून एकदम बंद झालं. थोड्या वेळाने खालून... 'खट्ट'. एक तर पार्किंगमधला आवाज नवव्या मजल्यावर येत नाही. त्यात तसली जुनी स्कूटर आमच्या सोसायटीत कोणाकडेच नाही – वॉचमनला नंतर विचारलं. कॉल तसाच सोडून बाहेर आले. ईरा स्टुलावर चढून टीव्हीच्या पाठीवर ओला नॅपकिन दाबून धरत होती. नीट पिळलेला.

"ईरा, काय करतेस?"

"श्श, हळू बोल ना. गरम लागला तर ते मारतात."

"ते कोण?"

"बूटवाले आजोबा."

मी नाशिकला नितीनला फोन लावला. "तू ईराला कधी नॅपकिनचं सांगितलंस का रे?"

तो म्हणाला, "ताई, मी ते स्वतःलाही सांगत नाही."

एका कौन्सेलरबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, मुलं आईची भीती न सांगता उचलतात. मान्य. माझं दचकणं ती शिकली असेल. पण पिळलेला नॅपकिन? बूट? "कधीतरी बोलून गेला असाल," म्हणाल्या. नाही हो गेले.

आणि खरं सांगू, मला भीती नाही वाटली. संताप आला. माझ्या वाट्याचं मी निमूट सोसलं, ते माझ्यापाशी संपायला हवं होतं. माझ्या पोरीने, तिच्याच घरात, 'श्श' म्हणायचं?

कौन्सेलरबाईंकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सगळे कॉल रद्द केले. पाचला मुद्दाम टीव्ही लावला, मोठ्या आवाजात. ईराला मांडीवर घेऊन बसले. पावणेसातला 'खट्ट' झालं. ईरा धडपडून उठायला लागली, तिला धरून ठेवलं. मग दाराबाहेर बूट वाजले. तिला कडेवर घेतलं आणि दार सताड उघडलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. बाबांशी उभ्या जन्मात मान वर करून बोलले नव्हते, ती त्या रिकाम्या पॅसेजशी बोलले.

"या बाबा. टीव्ही पाचपासून चालू आहे, चांगला तापलाय. हात लावून बघा. पण या घरात पट्टा नाही आणि इथे कोणी घाबरत नाही. पटत असेल तर आत या."

कोणी आलं नाही. निदान दिसलं तरी नाही. आत येऊन मी टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला. सगळा गरम होता, फक्त मधोमध पंजाएवढी जागा गारठलेली.

त्यानंतर तो आवाज आलेला नाही. नितीन म्हणतो, बाबा माफी मागून गेले असतील. असतीलही. मला त्यांची माफी नकोय. याचं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर खुशाल सांगा.

तो नॅपकिन आता पोळ्यांच्या डब्यात असतो. टीव्ही रोज सहाला लागतो. पावणेसातला आम्ही दोघी उठून त्याच्या पाठीला हात लावून बघतो. "आई, गरम आहे," ईरा मोठ्याने सांगते आणि परत येऊन पुढचं कार्टून बघते.