ट्रॉलीत बसलेले अप्पा

मुरुम गावच्या बसवेशला वरातीतला डीजे म्हणजे डोक्याला ताप वाटायचा, आणि टीव्हीवरची भुतं म्हणजे पावडर फासलेल्या बाया. त्याला किंचाळणाऱ्या गिटारींचं मेटल लागायचं आणि मढी उठून बसणारे सिनेमे. त्याच्या टी-शर्टावरची कवटी बघून वडील, अप्पा, म्हणायचे, "एकदा खऱ्या मढ्याशेजारी बस, मग कळंल."

अप्पा गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना विभूती लावली आणि फुलांनी सजवलेल्या ट्रॉलीत बसवून पुरायला नेलं. बँडवाल्यांनी तिथंही वरातीचीच चाल लावली. मेल्यांना अक्कल म्हणून नाही, बसवेशला वाटलं. कलंडणारं डोकं धरायला तोच शेजारी बसला होता. सिनेमात मढं अशा वेळी डोळे उघडतं. पुरायचा खड्डा येईपर्यंत बसवेश अप्पांच्या पापण्यांकडं बघत राहिला.