बसलिंगअप्पांच्या गावाला जाताना

वेळेवर पोचलेल्या प्रवासाचा किस्सा कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. उशीर झाला की मात्र गोष्ट होते, आणि उशीर होतच राहिला की गोष्टींचा ढीग! आणीबाणीच्या काळात आम्ही सोलापूर जिल्ह्यात भाषेचं सर्वेक्षण करत होतो, तेव्हाचा माझा ढीग बराच उंच आहे. मी पीएच.डी. झालेला माणूस, त्यामुळे काहीही सांगताना शंका फार येतात. पण हे बहुधा असंच घडलं.

आम्ही तिघे. प्रमुख म्हणजे सर, लंडनला शिकून आलेले. ड्रायव्हर इमामभाई. आणि तात्पुरत्या नेमणुकीवरचा मदतनीस मी. सरांचा नियम कडक होता. ज्यानं शाळा पाहिली नाही, ज्याचे पुढचे दात शाबूत आहेत आणि ज्यानं जन्मात गाव सोडलेलं नाही, तोच खरा बोलणारा! यादीतलं शेवटचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेलगत होतं, आणि तिथे असे एकच गृहस्थ होते, बसलिंगअप्पा. त्यांची टेप झाली की काम पुरं आणि माझी नेमणूक कायम. नाही झाली, तर मी घरी.

*

पहिल्या दिवशी अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीपाशीच जीप बंद पडली. इमामभाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "साब, ठंडी में इसकू उठने कू टैम लगता."

पाळीवर निघालेल्या चार-पाच विणकरांनी सायकली लावल्या आणि धक्का द्यायला लागले. आम्हीही उतरलो. (जीपला कुठला खांदा लावायचा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.) विणकर आपसात तेलुगूमिश्रित मराठीत बोलत होते. ते कानावर पडताच सरांनी धक्का सोडून टेपरेकॉर्डर काढला. "थांबा, थांबा! आत्ता काय म्हणालात, ते परत म्हणा. घरी आईशी कसं बोलता?"

एक जण घाम पुसत म्हणाला, "साहेब, एक काय ते सांगा. ढकलू का बोलू?"

सर म्हणाले, "बोला."

ते बोलले. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, सगळे सायकलींवर बसून गेले, आणि जीप होती तिथेच राहिली.

*

दुसऱ्यांदा जीप चालली, पण रस्ता चुकला. बांधावरच्या शेतकऱ्याला विचारलं. त्यानं निम्मं मराठीत, निम्मं कानडीत वाट सांगितली. सर हरखले! चार वेळा वदवून घेऊन सगळं टेप केलं.

पुढे फाटा आला. इमामभाईंनी विचारलं, "साब, दायें के बायें?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. आम्ही दोघांनी उच्चार ऐकले होते. वाट कुणीच ऐकली नव्हती. टेप लावली. शेतकरी "आता बगा, फाटा लागला की," इथवर बोलला आणि सेल संपले!

*

तिसऱ्यांदा गावात पोचलो. गाव रिकामं! कट्ट्यावर एक म्हातारी तेवढी बसलेली. दिवस नसबंदीचे होते; सरकारी दिसणारी जीप लांबून दिसताच सगळे पुरुष ज्वारीत पसार झाले होते.

"बसलिंगअप्पा कुठं आहेत?"

"त्ये तर सगळ्यांच्या म्होरं पळालं!"

"अहो, सत्तरीचे आहेत ना ते?"

"तुमी कुटं वय बगताय?"

सर अजिजीनं म्हणाले, "आजी, आम्ही तसले नव्हे. आम्ही फक्त भाषा घ्यायला आलोय."

म्हातारीनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भाषा न्या की. मानसं तेवढी ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी सोलापुरात सरांचं भाषण होतं, म्हणून थांबता येईना. सोमवारी पुन्हा येतो, असा निरोप आणि ऑफिसचा पत्ता म्हातारीपाशी ठेवून परतलो.

*

सोमवारी वाटेतल्याच एका गावात लेझीम पथकानं जीप अडवली. हेडमास्तरांनी सरांना हार घातला, शाल दिली, नारळ दिला. मी सरांच्या कानात म्हणालो, "सर, अप्पा वाट बघत असतील." सर म्हणाले, "लोकांचं मन मोडू नये." आणि वेळेचं महत्त्व या विषयावर दुपार टळेपर्यंत बोलले.

मग हेडमास्तर अवघडत पुढे आले. "आमचा जरा घोटाळा झाला. आमचे इन्स्पेक्टर उद्या यायचेत म्हणे. शाल राहू द्या सर, पण नारळ तेवढा परत द्या, उद्या लागंल!"

*

सर्वेक्षणाची मुदत संपत आली होती. शेवटच्या वेळी जीप एका किल्लीत सुरू झाली, रस्ता सापडला, कुणी सत्कार केला नाही. सकाळीच अप्पांच्या दारात!

सूनबाई बाहेर आल्या. "मामंजी तुमच्याकडंच गेल्यात की! पयल्या यष्टीनं. म्हनले, बिचारे साहेब लई अडकतेत वाटंत. आपुनच जावं."

उलटे सोलापूरला आलो. भवानी पेठेतल्या आमच्या ऑफिसच्या पायरीवर अप्पा बसले होते. नवं धोतर, कपाळाला विभूती आणि पुढचे दात शाबूत. त्यांना पाहून माझा जीव भांड्यात पडला.

सरांनी टेप लावली आणि नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. "अप्पा, कधी गाव सोडून बाहेर गेला होता?"

"न्हाय बा. आजच पयल्यांदा!"

खट्! सरांनी टेप बंद केली. "बाद."

"सर!" माझा आवाज चिरकला. "अहो, सकाळी तर निघालेत. तेही आपल्यासाठी!"

"नियम म्हणजे नियम."

अप्पांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. कुणाचं तरी काहीतरी बिघडतंय, एवढं त्यांना कळलं. ते समजुतीनं म्हणाले, "येवढंच व्हय? मग मी जातो माघारी. तुमी मागनं या, आन् पुन्यांदा इचारा. मी कुटं गेलोच न्हाय म्हनून सांगतो!"

सरांनी टेपरेकॉर्डर उचलून खांद्याला अडकवला. मग हाक मारली, "इमामभाई, जीप काढा!"

अप्पा खुशीत उठले आणि जीपमध्ये चढू लागले.

"छे छे, तुम्ही कुठं चढता?" सर त्यांचा दंड धरून म्हणाले. "तुम्ही अजून गावातच आहात!"