कंपनीनं आम्हाला सुखी करायचं ठरवलं

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या कंपनीच्या बसनं यावं. उजाडता उजाडता चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला चढायचं, ओरगडमला कारखान्याच्या दारात उतरायचं आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. इतका वेळ माणसं शेजारी शेजारी बसली की किस्से आपोआप साचतात. माझ्या डोक्यात आता जागा उरली नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतेय.

बसमध्ये मराठी आम्ही तिघंच. मी परचेसमध्ये, मूळची सांगलीची. राव तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच वाढलेले. मराठी जुन्या वळणाची आणि हेल पक्का तमिळ. तिसरे जोगळेकर. पुण्याचे, पन्नाशी उलटलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये राहतात. मॅन्शन म्हणजे नाव मोठं; आत सड्याफटिंग माणसांच्या एकेक खोल्या.

जोगळेकरांचं मागणं एकच, पुण्याला बदली. चेन्नईत पाऊल टाकलं त्या दिवसापासून मागतायत. आणि ती मिळेपर्यंत वेळ जावा म्हणून कुरकुर करतात. उकाडा, सांबार, कॉफीवरचा फेस, ड्रायव्हर सेल्वमची गाणी, त्यांच्या तोंडून कुणी सुटत नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना एचआरच्या निवेदिताच्या मनात आलं की कर्मचारी सुखी पाहिजेत. झालं, आमचं सुख संपलं!

* * *

निवेदितानं लावलेली पहिली सवय कृतज्ञतेची. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं कुणाचे तरी आभार मानायचे. बाकीच्यांनी कँटीनचे मानले आणि मोकळे झाले. राव पडले मनापासून काम करणारे. त्यांनी रोज आपल्या साहेबांचेच आभार मानले. एक दिवस मार्गदर्शनाबद्दल, एक दिवस सहनशीलतेबद्दल, आणि काही सुचेना तेव्हा वेळेवर येण्याबद्दल.

आठवडा संपताना साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"राव, खरं सांगा. दुसरीकडे नोकरी लागलीये ना?"

* * *

मग आलं हसू. जो भेटेल त्याच्याकडे बघून हसायचं, म्हणजे मन प्रसन्न राहतं, असं निवेदिताचं म्हणणं. मी म्हटलं, यात आपलं काय जातं? बसमधून उतरले आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे बघून छान, तोंडभर हसले.

त्यानं मला बाजूला घेतलं आणि माझी पर्स डब्यासकट उलटी करून तपासली!

* * *

त्यानंतर ध्यान. बस सुटली की सगळ्यांनी डोळे मिटायचे, मौन पाळायचं, मनात फक्त आनंद आणायचा. आता भल्या पहाटे उठलेल्या माणसांना डोळे मिटायला सांगितल्यावर काय होणार? सैदापेट येईपर्यंत अख्खी बस घोरत होती.

निवेदिता चढते तांबरमला. स्टॉप आला कधी, गेला कधी, कुणाला पत्ताच नाही. बाई रिक्षा करून, घामाघूम होऊन कारखान्यात पोचली आणि सेल्वमवर तुटून पडली. मी उभी दिसले नाही का, म्हणून विचारायला लागली.

सेल्वम गरीबपणे म्हणाला, "दिसलात की मॅडम. जोरजोरात हात हलवत होतात. मला वाटलं आनंदात आहात. मीही हलवला."

* * *

पण सगळ्यात वाईट गेला तो तक्रारमुक्त आठवडा. तोंडातून एकही तक्रार काढायची नाही. निवेदितानं जोगळेकरांना वेगळं बोलावून बजावलं. त्यांनीही हट्टानं तोंड मिटलं.

सोमवारी आम्हाला गंमत वाटली. मंगळवारी बस कशी सुतकातली वाटायला लागली. बुधवारी सेल्वमनं मला हळूच विचारलं की जोगळेकर सारची तब्येत बरी आहे ना, त्यांचं गावाकडे कुणी गेलं का? त्याला खरंच काळजी लागली होती. गेली कित्येक वर्षं जोगळेकरांनी शिव्या घातल्याशिवाय त्याचं एकही गाणं पुरं झालं नव्हतं.

गुरुवारी त्यानं वाटेतल्या टपरीवर बस थांबवली आणि स्वतः जोगळेकरांसाठी कॉफी आणली. टपरीवाल्याला सांगून साखर मुद्दाम चार चमचे घालून घेतली होती. जोगळेकरांनी एक घोट घेतला. चेहरा लाल झाला. दुसरा घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय.

"अरे, ही कॉफी आहे की गुलाबजामचा पाक?"

बसमध्ये टाळ्या पडल्या. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनी जास्त वाजवल्या.

* * *

शेवटी बंगळूरहून सुखाची एक तज्ज्ञ बाई आली. ती प्रत्येकाशी बोलून कंपनीतला सर्वांत सुखी माणूस निवडणार होती. आदल्या दिवशी जोगळेकर बसमध्ये आम्हाला म्हणाले, "उद्या तिला सगळं सांगतो. माझ्याइतका दुःखी माणूस इथं नाही हे तिला एकदा पटलं, की बदली झालीच."

आणि सांगितलं हो त्यांनी! अख्खी दुपार सांगत होते.

संध्याकाळी हॉलमध्ये निकाल लागला. सर्वांत सुखी माणूस, जोगळेकर! बाईनं कारणंही दिली. हे मनात काही ठेवत नाहीत. नावं ठेवत का होईना, ताटातलं सगळं संपवतात. आणि हे दोन दिवस गप्प बसले तर चौकशी करणारी माणसं यांना आहेत.

जोगळेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हालाही हळहळ वाटली. सुखी माणसाची बदली कोण करतं? गेली ती आता कायमची.

पण आमचे मोठे साहेब दिलदार. ते उठले, जोगळेकरांना स्टेजवर बोलावून शाल घातली आणि म्हणाले की हे इतकी वर्षं पुणे मागतायत, तर बक्षीस म्हणून पुढच्या महिन्यात पुणे! हॉल टाळ्यांनी दणाणला. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. रावांनी नुसती मान खाली घातली.

जोगळेकरांच्या हातात माइक दिला. मग साहेबांकडे वळून त्यांनी विचारलं,

"पुण्याला कंपनीची बस आहे?"

"छे छे!" साहेब खुशीत म्हणाले. "क्वार्टर आवारातच आहे तुमचं. एकट्याला ऐसपैस. दारातून निघालात की पाच मिनिटांत टेबलावर!"

"मग राहू द्या," जोगळेकर म्हणाले, आणि शाल काढून खाली येऊन रावांच्या आणि माझ्या मधे बसले.