सरकती पट्टी
टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास आला, की मला कॉलेजातली प्रात्यक्षिकाची ती दुपार आठवते. तोडणीच्या बायकांनी दिवसभराचे क्रेट फोनवर नोंदवावेत म्हणून मी एक वेब ॲप केलं होतं. ॲप बनवायच्या टूलने फॉर्म आयता बनवून दिला होता, आणि त्यात आकडा लिहायला एक साधा चौकोन होता. तो मला फारच गावठी वाटला, म्हणून त्याच्या जागी मी बोटाने सरकवायची रंगीत पट्टी बसवली. सरांनी वापरणारं खरं माणूस आणायला सांगितलं होतं. मी आईला बोलावलं. ती तोडणीवरून तशीच जीपने नारायणगावला कॉलेजात आली, बोटं पाल्याच्या चिकाने काळीहिरवी झालेली. तिला अठरा क्रेट नोंदवायचे होते. पट्टी आधी हलेचना, मग एकदम शंभरावर गेली. "मावशी, दमानं! फोन हाय, खुरपं न्हाई," मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले, आणि मीही हसले. सर मार्क लिहायचे थांबले होते. आईने घाईघाईने पदराला बोटं पुसली. "पोरीचं बराबर हाय, सर. माझी बोटंच लई खराब," ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि मला पूर्ण मार्क दिले. संध्याकाळी घरी ती मोरीत, डाग निघावेत म्हणून कच्चा टोमॅटो चोळून बोटं घासत बसली होती. "पुढच्या येळंला साफ हात घिऊन यीन," म्हणाली. पट्टी काढून तो चौकोन मी नंतर परत बसवला. चूक तिच्या बोटांची नव्हती, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.