हातांवर बसणाऱ्या बाई

शाळा नातीला नाकारील या धास्तीने मी एकदा गाढवपणा केला. तेव्हा मी जेमतेम पासष्टची, अक्कल यायची होती. नातीचे हात नीट चालत नाहीत. तिला स्वतःचं काय जमतं ते पाहून शिक्षणाची योजना लिहायला बेळगावकडच्या एक बाई व्हाइटफील्डच्या आमच्या फ्लॅटवर यायच्या. त्या दिवशी मीच नातीला बूट चढवले आणि ठोकून दिलं, “तिनेच घातले हो!”

बाईंनी हसत एक बूट काढला आणि त्या स्वतःच्या हातांवर बसल्या. मदतीचा मोह आवरायची ही त्यांची कायमची रीत. मी मात्र धावले.

“अज्जी, स्वल्प, थोडं तुम्हीही बसा.”

अंड्यांवरच्या कोंबड्यांसारख्या बसलो दोघी! अर्ध्या तासाने बूट चढला. नात किंचाळली, मी नाचले.

बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “तिला जमतं, शाळेला तसं कळवते. योजनेत तुमचंही नाव घातलंय अज्जी, तुम्हाला शिकायला जास्त वेळ लागेल.”