बाण

तळमजल्यावरच्या काकांकडे स्वतःची सायकल नाही. तरी शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधली प्रत्येक सायकल त्यांनी उकिडवं बसून तपासलीय. टायरच्या कडेला एक बारीक बाण असतो, चाक त्या दिशेला फिरावं म्हणून. टायर उलटा बसवलेला दिसला की काका मालकाची बेल वाजवतात. "बाण बघितलात? बाण बघा."

माझ्याकडे ते रविवारी, ऐन जेवताना आले होते. सायकल मस्त चालतेय, मी म्हटलं.

"तुम्ही पुढे जाताय हो. टायर मागे जातोय."

यंदा विसर्जनाला सोसायटीचे बाप्पा हातगाडीवर बसले, ढोल वाजायला लागला आणि काका चाकाशी वाकले.

"थांबा! दोन्ही टायर उलटे!"

"चाचा, टायर गोल है," गाडीवाला म्हणाला.

"गोल है. लेकिन तीर का क्या?" म्हणत काका चाकापुढे मांडी घालून बसले.

ढोल थांबला. पाया पडून झालं, हात धरून ओढून झालं, काका हलेनात. शेवटी सेक्रेटरी वैतागून ओरडले, "मग गाडीच उलटी न्या रे!"

पोरांनी गाडी फिरवली आणि ढकलायच्या ऐवजी ओढत नेली. त्यामुळे बाप्पांची पाठ रस्त्याकडे झाली आणि तोंड आमच्याकडे. गेटबाहेर पडेपर्यंत ते बिल्डिंगकडे बघत होते. इतक्या वर्षांत बाप्पा असे आमच्याकडे बघत कधी गेले नव्हते. बायका रडल्या. सेक्रेटरींनी चष्मा पुसला.

काका गाडीला खेटून, मान खाली घालून चालत होते. त्यांनी बाप्पांकडे एकदाही पाहिलं नाही.

"आता बरोबर," ते चाकाला म्हणाले.