हिरव्याच्या मागं होतं घर

सुनंदाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघतंय आणि त्यात माझंही पान आहे, याचा मला लय आनंद. इस्लामपुरात आमच्या माडीवर त्या भाड्यानं आल्या, तेव्हा वाटलं, कॉलेजातल्या बाई, आपल्याशी कशाला बोलतील? तर दुसऱ्याच दिवशी खाली येऊन भाकरीबरोबर खरडा मागितला.

बाईंचं काम उपग्रहाच्या फोटोंवरचं. किनाऱ्याचा जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून समुद्रानं किती जमीन खाल्ली ते त्या बघतात. माझी लेक कोकणात समुद्रकाठी दिलेली. म्हटलं, "बाई, लेक दिसती का बघा की." दुसरं कुणी हसलं असतं. बाईंनी जुन्या फोटोत गाव काढून दाखवलं. हिरवी ती सुरूची झाडं, पिवळी वाळू, निळं पाणी. मग नवा फोटो शेजारी ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आजी, लेकीचं घर हिरव्याच्या मागं होतं. आता हिरवंच राहिलं नाही."

सुरूची झाडं तोडली होती आमच्या व्याह्यांनीच. पर्यटकांना खोलीतून समुद्र दिसावा म्हणून. बाई मला घेऊन तिथं गेल्या. मला घाट लागतो, म्हणून त्यांनी आवळासुपारी आणलेली. अंगणात फोटो मांडून त्यांनी समजावलं, झाडं परत लावा, तोवर घर मागं घ्या. व्याही म्हणाले, "घाटावरच्यांनी आम्हाला समुद्र शिकवायचा काय?" लेक चहा घेऊन उभी होती. तिनं फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

गेल्या पावसाळ्यात उधाणानं तिचं स्वयंपाकघर नेलं. माणसं वाचली, एवढंच. बाई धावत गेल्या. सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. लेकीशेजारी बसून भांड्यांतली वाळू धुतली. व्याह्यांना मात्र मी ऐकवलंच. तर म्हणतात कसे, कुणीतरी नीट सांगायला पाहिजे होतं.

आता सांगलीत सत्कार आहे. शाल घालणार ते किनाऱ्याचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीतले साहेब. त्यांनी बाईंचा नकाशा फ्रेम करून भिंतीला लावला, किनाऱ्यावरची वाळू उपसून नेणारा ट्रक मात्र एकही थांबवला नाही.

बाई, शाल घ्या, थंडीत उपयोगी पडते. तुमचे डोळे शाबूत राहोत, गुडघे कुरकुरू नयेत. आणि आयुष्य एवढं लाभो, की तुमचं ऐकून कुणीतरी पाणी यायच्या आधी घर हलवलं, हे तुम्हाला एखाद्या फोटोत दिसावं.